आधीच्याचे पीठ

पिठाच्या गिरणीवर दळणाचा डबा घेऊन तुम्ही कधी ना कधी गेला असालच. आपल्या आधी कोणी ज्वारी दळून नेली असेल, तर आपल्या गव्हाच्या पिठात सुरुवातीला थोडी ज्वारीही उतरते. दगडांच्या खाचांत आणि पीठ पडते त्या कापडाच्या घड्यांत थोडे पीठ राहून गेलेले असते, ते नव्या पिठाबरोबर बाहेर येते. म्हणूनच उपवासाची भाजणी दळायची असली, की घरातून निघताना "आधी काय दळलंय ते विचार हं" अशी सूचना मिळते. आता याच गोष्टीकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहा. घरी येऊन पीठ नीट निरखले, तर रांगेत आपल्या आधी असलेल्या माणसाच्या घरी आज भाकरी आहे, हे तुम्ही सांगू शकाल! तुम्ही त्याच्या डब्यात डोकावला नाहीत, गिरणीवाल्याने चहाडी केली नाही, कोठले कुलूप फुटले नाही. तरीही एका घरची माहिती दुसऱ्या घरी पोचली.

संगणकातही हुबेहूब असे घडते. संगणकातील सर्व कामांवर देखरेख ठेवणाऱ्या मूळ आज्ञावलीला प्रचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही नावे तुमच्या परिचयाची आहेत. एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू न देणे हे तिचे एक मुख्य काम होय. त्यात तिच्याकडून कसूर झाली, तर त्या उणिवेला 'माहिती उघड होण्याचा दोष' असे म्हणतात. संगणकात शिरून नासधूस करणाऱ्या विषाणूंची चर्चा पुष्कळ होते. हा दोष मात्र मुकाट असतो. काही बिघडत नाही, काही नाहीसे होत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे तो कोणाच्या ध्यानातही येत नाही.

एका संगणकावर एकच माणूस काम करीत असेल, तर या दोषाचे फारसे भय नाही. आपलेच पीठ आपल्या पिठात मिसळले तर बिघडले कोठे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बनविलेला संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघे १०,२४० बाइट. त्यावर एका वेळी एकाचेच काम चाले. शेजारीच नसेल, तर भिंत कशाला हवी?

आता पनवेलजवळ काय आहे ते पाहा. तेथील हिरानंदानी फॉर्च्युन सिटी या वसाहतीत जुलै २०२० मध्ये 'योट्टा एनएम-१' या नावाचे डेटा सेंटर सुरू झाले. ७,२०० रॅक मावतील एवढी त्याची योजना. रॅक म्हणजे संगणक एकावर एक रचून ठेवण्याचे लोखंडी कपाट. अशा केंद्रांच्या व्यवसायात खोली भाड्याने द्यावी तशी जागा भाड्याने देतात, आणि संगणकाची शक्तीही भाड्याने देतात. एकाच संगणकाचे, एकाच स्मृतीचे, अनेक बिऱ्हाडकरू असू शकतात. एका बिऱ्हाडी एखाद्या पतपेढीचे हिशेब, दुसऱ्या बिऱ्हाडी रुग्णालयाचे कागद, तिसऱ्या बिऱ्हाडी कोणा अनोळखी माणसाची आज्ञावली. हे बिऱ्हाडकरू एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ओळखण्याची गरजही नाही. मात्र मधली भिंत खरोखर भिंत आहे, पडदा नव्हे, याची खात्री प्रत्येकाला हवी असते. ही भिंत विटांची नसून आज्ञांची आहे, आणि आज्ञा माणसांनी लिहिलेल्या असतात.

एका संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रुजू लागली, आणि तिच्यापाठोपाठ हा दोषही आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी 'सीटीएसएस' ही प्रणाली तयार केली होती. तीत प्रत्येकाला परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, असे. काम सुरू करताना दिवसाची एखादी सूचना पडद्यावर नव्हे, तर टंकयंत्रावर छापून येई. १९६६ साली एके दिवशी सूचनेच्या जागी सर्व सभासदांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले! झाले होते ते असे. मजकूर दुरुस्त करणारी आज्ञावली काम चालू असताना एक तात्पुरती फाइल तयार करी आणि तिला नेहमी एकच ठरावीक नाव देई. त्या दिवशी एकाच जागी दोघे काम करीत होते : एक सूचनेची फाइल दुरुस्त करीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच! साहजिकच दोन्हींची अदलाबदल झाली. ही हकिगत कोर्बातो यांनीच पुढे ट्युरिंग पारितोषिकाच्या भाषणात सांगितली. कोणी चोर आला नव्हता. एका वेळी येथे एकच माणूस काम करील, असे त्या आज्ञावलीने गृहीत धरले होते, एवढेच.

अशा अदलाबदलीपेक्षा मागे राहिलेल्या मजकुराची गळती अधिक वेळा होते. ती समजण्यासाठी आधी एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. संगणकात 'पुसणे' याचा अर्थ पाटीवरचे अक्षर पुसणे असा नसतो. स्मृतीचा एखादा भाग वापरून झाला, की प्रणाली आपल्या वहीत फक्त 'हा भाग रिकामा आहे' अशी नोंद करते. तेथे लिहिलेले बाइट जागच्या जागी राहतात. खोली सोडून गेलेल्या बिऱ्हाडकरूचे नाव दारावरून काढले, पण कागदपत्रे फडताळातच राहिली, असा हा प्रकार. नवा मजकूर त्यावर लिहिला जाईल तेव्हाच जुना जातो, आणि तोही जेवढ्या जागेवर नवे लिहिले तेवढाच.

हे आळसाने केलेले नाही. पुसायलाही वेळ लागतो. बहुतेक संगणकांत स्मृतीचे ४,०९६ बाइटांचे एक 'पान' धरतात. ८ जीबी स्मृती असलेल्या फोनमध्ये अशी सुमारे २१ लाख पाने होतात. (८ ला २ च्या ३० व्या घाताने गुणून ४,०९६ ने भागा, वहीवर करून पाहा.) ही पाने सारखी हातोहात फिरत असतात. म्हणून प्रणाल्यांनी एक मधला मार्ग काढला. पान परत आले की पुसायचे नाही. पण ते दुसऱ्या कोणाला देण्यापूर्वी मात्र त्यावर शून्ये भरून द्यायचे. नियम उत्तम आहे. अडचण एवढीच, की प्रणाली स्वतःच्या अंतर्गत कामासाठी जी लहानसहान जागा घेते, तिला हा नियम लावला जात नसे. आपल्याच घरात कशाला पुसापुशी! पण घरातली ती पाटी कधीकधी तशीच बाहेर जाते. कशी, याचे एक नामांकित उदाहरण आता सविस्तर पाहू.

संगणक एकमेकांना तारेने जोडण्याच्या एका पद्धतीला इथरनेट म्हणतात. तुमच्या शाळेच्या संगणककक्षातील तारा बहुधा याच पद्धतीच्या असतील. या तारेवरून मजकूर पाकिटांतून जातो. पाकिटाच्या सुरुवातीला १४ बाइटांचा पत्ता वगैरे असतो, मध्ये मजकूर, शेवटी तपासणीचे ४ बाइट. नियम असा, की पूर्ण पाकीट ६४ बाइटांपेक्षा लहान असता कामा नये. म्हणजेच मजकूर कमीत कमी ६४ – १४ – ४ = ४६ बाइट हवा.

हा ६४ चा आकडा आला कोठून? जुन्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच तारेवर बोलत. दोघे एकाच वेळी बोलू लागले, तर संदेशांची टक्कर होई, आणि बोलणाऱ्याला ती टक्कर आपले बोलणे संपण्याच्या आत कळणे आवश्यक होते. तेव्हाचा वेग सेकंदाला एक कोटी बिट, म्हणजे एका बिटाला ०.१ मायक्रोसेकंद. ६४ बाइट म्हणजे ५१२ बिट; त्यांना ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. तार जास्तीत जास्त अडीच किलोमीटर. तारेतून संदेश सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर धावतो असे धरले, तर टोकाला जाऊन परत यायला सुमारे २२ मायक्रोसेकंद लागतील. वाटेतील संदेश-वर्धक यंत्रांचा विलंब आणि थोडी सवड मिळवून ५१.२ ची मर्यादा ठरली. पुढे तारा बदलल्या, वेग शेकडो पटींनी वाढला, टकरीही थांबल्या, तरी ६४ चा आकडा टिकून राहिला. तंत्रविद्येतही रूढी असतात त्या अशा!

आता एखादा मजकूर ४६ बाइटांपेक्षा लहान असला तर काय करायचे? उदाहरणार्थ, 'अमुक पत्ता कोणाचा?' असे तारेवर ओरडून विचारणारा एआरपी नावाचा संदेश २८ बाइटांचाच असतो. उरलेले १८ बाइट भरीचे घालावे लागतात. ही भर शून्यांची असावी, असे आंतरजालाच्या नियमपत्रांत १९८४ सालीच लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात काय होत होते? संगणकातील जाळ्याचे कार्ड चालवणारी जी छोटी आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. अनेक ड्रायव्हरांत हिशेब असा होता : लांबी ६० पेक्षा कमी असेल तर ६० धर, आणि कार्डाला सांग की येथून पुढचे ६० बाइट उचल. (तपासणीचे ४ बाइट कार्ड स्वतः घालते, म्हणून ६४ ऐवजी ६०.) लांबी बरोबर झाली, पाकीट नियमात बसले, तार खूश! पण मजकूर संपल्यानंतरच्या त्या १८ बाइटांत शून्ये कोणी लिहिलीच नाहीत. तेथे आधीचे जे काही पडून होते, तेच तारेवर निघाले.

ऑफिर आर्किन आणि जोश अँडरसन या दोघांनी जानेवारी २००३ मध्ये ही गोष्ट जाहीर केली आणि तिला 'इथरलीक' असे नाव दिले. जगभर संगणकातील दोषांना क्रमांक देण्याची जी पद्धत आहे, तिच्यात या दोषाला २००३ सालचा पहिलाच क्रमांक मिळाला : सीव्हीई-२००३-०००१. एखाद्याच कंपनीची ही चूक नव्हती. निरनिराळ्या प्रणाल्यांच्या, निरनिराळ्या कार्डांच्या ड्रायव्हरांत ती आढळली. बाहेर पडणारे उष्टे बाइटही सर्वत्र एकाच ठिकाणचे नव्हते. कोठे ते प्रणालीच्या गाभ्यातील स्मृतीचे असत, कोठे ड्रायव्हरच्या राखीव जागेतील, तर कोठे कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीतील आधीच्या पाकिटाचे.

एखादा खोडसाळ माणूस याचा उपयोग कसा करील? त्याला फक्त त्याच तारेवर, म्हणजे त्याच स्थानिक जाळ्यात, असले पाहिजे. 'पिंग' नावाची एक साधी हाक असते : मी पाठवलेला मजकूर जसाच्या तसा परत पाठव. त्याने एका बाइटाचा पिंग पाठवला. उत्तरात २० बाइटांचे एक शीर्ष, ८ बाइटांचे दुसरे शीर्ष आणि तो एक बाइट, असे २९ बाइट येणार. भर पडणार १७ बाइटांची. म्हणजे एक बाइट विचारला आणि १७ बाइट बक्षीस मिळाले! एका वेळच्या १७ बाइटांत कदाचित काहीच अर्थ निघणार नाही. पण हाक मारायला पैसे पडत नाहीत. दहा हजार वेळा हाक मारली, तर तेवढ्या वेळात स्मृतीतील त्या जागेवरून निरनिराळे मजकूर सरकत गेलेले असतात. त्यांत एखाद्या पत्राचा तुकडा असेल, एखादा परवलीचा शब्द असेल. आणि ज्याची माहिती गेली, त्याच्या दृष्टीने मात्र कोणीतरी नुसती हाक मारली आणि संगणकाने सभ्यपणे ओ दिली, एवढेच घडले.

शिक्षकांना हा प्रयोग फळ्यावर सहज करून दाखवता येईल. फळ्यावर एका ओळीत ४६ चौकोन आखा. एका विद्यार्थ्याने त्यांत ४६ अक्षरांचा एखादा मजकूर भरावा, आणि तो वर्गाबाहेर न्यायच्या माणसाने वहीत उतरून घ्यावा. फळा पुसू नये. दुसऱ्या विद्यार्थ्याने २८ अक्षरांचा मजकूर घेऊन पहिल्या चौकोनापासून लिहावा. ज्या चौकोनात लिहायचे, तेवढाच पुसावा. पुन्हा नियमाप्रमाणे ४६ चौकोन उतरून बाहेर न्यावेत. बाहेर बसलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्याचा मजकूर पूर्ण आणि पहिल्याच्या मजकुराची शेवटची १८ अक्षरे मिळतील. मग तिसऱ्याला ३५ अक्षरे लिहू द्या आणि आता शेपटीत कोणाचे काय उरले ते वर्गाला विचारा. मुले उत्तर देताना घाई करतात, असा अनुभव येईल.

शेपटीत राहिलेला मजकूर तरी डोळ्याला दिसतो. मधल्या फटींत अडकलेला त्याहून फसवा. समजा, एका नोंदीत एक अक्षर आणि एक संख्या ठेवायची आहे. अक्षराला १ बाइट, संख्येला ४. एकूण ५ बाइट पुरायला हवेत. परंतु चार बाइटांची संख्या ज्या पत्त्याला ४ ने भाग जातो तेथून सुरू झाली, की संगणकाला ती वाचणे सोयीचे पडते. म्हणून अक्षर शून्याव्या घरात, संख्या चौथ्या ते सातव्या घरात, आणि पहिले, दुसरे, तिसरे ही घरे मोकळी सोडली जातात. आज्ञावली लिहिणारा अक्षर भरतो, संख्या भरतो, आणि आपण सर्व काही भरले असे प्रामाणिकपणे समजतो. प्रणाली ती नोंद बाहेर देताना सबंध ८ बाइट देते. मधल्या तीन घरांत जुने पीठ! लिहिलेल्या आज्ञा कितीही वेळा वाचल्या तरी ही तीन घरे तेथे दिसतच नाहीत, कारण त्यांना नावच नसते. मातेउश जुर्चिक या संशोधकाने २०१७ आणि २०१८ साली असे बाइट आपोआप हुडकण्याची एक युक्ती वापरली. तिच्या साह्याने विंडोजच्या गाभ्यात अशा गळतीची सत्तरहून अधिक ठिकाणे सापडली. लिनक्समध्येही काही सापडली.

तीन बाइट गेले तर एवढे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. प्रणालीच्या गाभ्यात पुष्कळदा पत्ते लिहिलेले असतात : अमुक आज्ञा स्मृतीत अमुक जागी आहे. हल्लेखोराला नेम धरता येऊ नये म्हणून आधुनिक प्रणाल्या दर वेळी सुरू होताना आपल्या आज्ञांच्या जागा बदलतात. असा एक पत्ता, किंवा त्याचा मोठा तुकडा जरी बाहेर पडला, तरी ही सगळी लपाछपी फुकट जाते. म्हणून जाणकार लोक गळतीला मोठ्या चोरीआधीची टेहळणी मानतात.

३ जानेवारी २०१८ रोजी तर आणखीच विलक्षण प्रकार उघडकीस आला. प्रक्रियक, म्हणजे संगणकाचा प्रोसेसर, वेळ वाचवण्यासाठी पुढची कामे परवानगीची तपासणी पूर्ण होण्याआधीच करून ठेवतो. परवानगी नाही असे ठरले तर केलेले काम टाकून देतो. उत्तर कोणाला मिळत नाही. पण त्या कामासाठी आणलेली वस्तू प्रक्रियकाच्या जवळच्या छोट्या स्मृतीत तशीच राहते. कोणती वस्तू जवळ आहे आणि कोणती लांब, हे वाचायला लागणाऱ्या वेळावरून मोजता येते, आणि त्यावरून टाकून दिलेले उत्तर ओळखता येते! या दोषाला 'मेल्टडाउन' असे नाव मिळाले. येथे मागचे पीठ राहिले ते गिरणीच्या दगडातच. जगभरातील प्रक्रियक काही एका रात्रीत बदलता येत नाहीत, म्हणून उपाय प्रचालन प्रणालीलाच करावा लागला. सामान्य आज्ञावली चालू असताना गाभ्याच्या स्मृतीचा नकाशाच तिच्यापुढून काढून घेण्यात आला. अशाने काही कामे थोडी मंदावली, पण ज्यांच्याकडे एकाच संगणकावर अनेक बिऱ्हाडे आहेत, त्या केंद्रांना दुसरा इलाज नव्हता.

मागे राहणाऱ्या पिठावरचा सरळ उपाय मात्र फार साधा आहे : देण्याआधी पुसा. इथरलीकवरची दुरुस्ती म्हणजे ड्रायव्हरात भरीच्या जागी शून्ये लिहिण्याची एक-दोन ओळींची भर. २०१९ साली लिनक्सच्या ५.३ या आवृत्तीत गाभ्यातील प्रत्येक जागा देतानाच शून्याने भरून देण्याची सोय करण्यात आली. थोडा वेग जातो. ती चालू ठेवायची की नाही, हे संगणक चालवणाऱ्याने ठरवायचे. माझ्या मते जेथे अनोळखी लोक एकच यंत्र वापरतात, तेथे हा प्रश्न विचारण्याचेही कारण नाही. मात्र दुरुस्ती तयार झाली तरी ती प्रत्येक संगणकापर्यंत पोचावी लागते. आपल्या देशात अशा दोषांच्या सूचना 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था २००४ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. शाळेच्या संगणककक्षात 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' ही सूचना महिनोन्महिने बाजूला सारली जात असेल, तर तिच्यात एखाद्या अशाच भरीची दुरुस्ती पडून असण्याचा संभव आहे.

जाता जाता दोन गणिते देतो. नेहमीचा पिंग लिनक्सवर ५६ बाइटांचा मजकूर पाठवतो. दोन्ही शीर्षे धरून उत्तर किती बाइटांचे होईल, आणि त्यातून इथरलीकची गळती होईल का? दुसरे असे : एका नोंदीत आधी १ बाइटाचे अक्षर, मग ४ बाइटांची संख्या, मग पुन्हा १ बाइटाचे अक्षर आहे, आणि अशा नोंदी एकापुढे एक ठेवायच्या आहेत. प्रत्येक नोंदीत मोकळी घरे किती पडतील? नोंदीतील क्रम बदलून ती कमी करता येतील का?